बालाघाटावरील गिअरची सायकल

वऱ्हाडचा मुलूख महसुली दप्तरांत पूर्वापार दोन भागांनी ओळखला जात असे: डोंगराखालचा सपाट, काळ्या कसदार जमिनीचा पयानघाट आणि अजिंठ्याच्या रांगेवरून दक्षिणेकडे पसरलेला उंच बालाघाट. अकबराच्या अंमलात वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार म्हणून ज्याची नोंद झाली, इंग्रजी अमदानीत १९०५ पर्यंत जे स्वतंत्र जिल्ह्याचे ठिकाण होते आणि त्यानंतर नव्वदांहून अधिक वर्षे अकोला जिल्ह्याचा एक भाग म्हणून काढल्यावर १ जुलै १९९८ रोजी ज्याला जिल्ह्याचा दर्जा पुन्हा प्राप्त झाला, ते वाशिम या दुसऱ्या भागात, म्हणजे घाटमाथ्यावर वसलेले आहे. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे पावणेतीनशे मीटर उंचीवर आणि वाशिम साडेपाचशेच्या आसपास. त्यामुळे सकाळी अकोल्यास सायकलने उतरून गेलेल्या मनुष्यास परतताना पातूर आणि मेडशीच्या दरम्यानचा घाट आपल्या पायांनी चढावाच लागतो. रस्त्यावरच्या वेगवान सायकलीची खरेदी करू पाहणाऱ्याने प्रथम ध्यानात घ्यावी ती ही गोष्ट. कोणती सायकल घ्यावी, तिचा कोणता भाग आधी बदलावा आणि कोणत्या भागावर पैसा घालवू नये, या सर्व प्रश्नांची उत्तरे विक्रेत्याच्या रंगीत माहितीपत्रकापेक्षा या घाटाने, इथल्या काट्यांनी आणि इथल्या मातीने अधिक प्रामाणिकपणे दिलेली आहेत, असे माझे मत झाले आहे.

गेल्या काही वर्षांत जिल्ह्याच्या गावांतून एक नवा वर्ग उदयास आला आहे. पहाटे हिंगोलीच्या किंवा मालेगावच्या रस्त्याला लागावे, तर डोक्यावर शिरस्त्राण, अंगात उजेड परतवणारे पिवळे जाकीट आणि आसनाखाली लुकलुकणारा तांबडा दिवा अशा सिद्धतेने निघालेले सायकलस्वार दोन-दोन, चार-चारच्या तुकडीने भेटतात. त्यांत शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, अडत दुकानदार आहेत, कचेरीतले कारकून आहेत. यांच्यापैकी पुष्कळांना ओढ लावली ती दीर्घ पल्ल्याच्या ब्रेव्हेने. पॅरिसच्या ऑडॅक्स क्लबने १९२१ मध्ये सुरू केलेल्या या पद्धतीत कोणाला हरवायचे नसते. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पुरे करायचे असतात, आणि ही चारही अंतरे एकाच हंगामात पुरी करणाऱ्यास ‘सुपर रँडोनर’ ही पदवी मिळते. याच वाटेने पुढे दर चार वर्षांनी होणाऱ्या, १८९१ मध्ये प्रथम झालेल्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसच्या बाराशे किलोमीटरांच्या फेरीपर्यंत जाता येते. शेजारच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही समुद्रापासून समुद्रापर्यंतची शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून तर विदर्भातल्या तरुणास हे स्वप्न आपल्या अंगणातले वाटू लागले आहे. परंतु ब्रेव्हेचा एक नियम असा आहे की, ठरलेल्या तपासणी-नाक्यांखेरीज वाटेत कोठेही मदतीची गाडी सोबत घेता येत नाही. चाक फुटो, साखळी तुटो, आपले आपणच निस्तरावे लागते. म्हणून या मंडळींच्या लेखी सायकलीचा प्रत्येक भाग किती हलका यापेक्षा तो रात्री दोन वाजता, मोबाईलच्या उजेडात, रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करता येईल काय, हा प्रश्न मोठा ठरतो.

आपल्या वडीलधाऱ्यांच्या पिढीला सायकलीत ‘सुधारणा’ करावयाची म्हणजे काय, हे पाहिले तर अंतर चटकन लक्षात येते. मुंबईस वरळीच्या हिंद सायकल कारखान्याने स्वातंत्र्यापूर्वीच देशी सायकल घडविण्यास आरंभ केला; त्यानंतर हर्क्युलिस आली, आसनसोलची सेन-रॅले आली, १९५१ मध्ये सोनीपतची ॲटलस आणि १९५६ मध्ये लुधियान्याची हीरो आली. या काळ्या, उंच, दणकट यंत्रांनी तलाठ्यापासून पोस्टमनपर्यंत सर्वांना वाहिले. सायकल आयुष्यात एकदा घ्यावयाची. मग पहिल्या पगारातून डायनॅमो, दुसऱ्यातून साखळीची पेटी, पुढे कॅरिअर आणि कुशनची सीट, आणि नगरपालिकेचा वार्षिक कर भरून मिळालेला बिल्ला, एवढ्यावर सुधारणेचा अध्याय संपत असे. तो काळ आता मागे पडला; ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्याच दिवशी, बंद पडला. परंतु त्या काळी डायनॅमोला जो अग्रक्रम मिळत होता, तो केवळ पोलिसाच्या धाकाने मिळत नव्हता. दिसणे आणि दिसून येणे ही रस्त्यावरची पहिली गरज आहे, हे शहाणपण त्यामागे होते. आजही पाच हजार रुपये हाती असतील आणि ते कशावर खर्चावेत असे कोणी विचारले, तर चांगला पुढचा दिवा, मागचा दिवा आणि शिरस्त्राण यांच्याखेरीज दुसरे उत्तर मी देणार नाही.

आता गिअरकडे वळू. दुकानात शिरलेल्या ग्राहकाचा पहिला प्रश्न हमखास एकच असतो: ‘किती गिअर?’ आणि एकवीस हा आकडा ऐकला की त्याचे समाधान होते. वस्तुतः गिअरची संख्या ही जवळजवळ निरर्थक बाब आहे. सर्वांत हलका गिअर किती हलका आणि सर्वांत जड गिअर किती जड, एवढेच पाहावयाचे असते. जुन्या काळ्या सायकलीला पुढे ४४ किंवा ४८ दाते आणि मागे १८ किंवा २० दाते असत. पायडलच्या एका फेऱ्यात चाक सव्वादोन ते पावणेतीन वेळा फिरे, आणि घाट आला की स्वार निमूटपणे खाली उतरून सायकल हाती धरी. आजच्या रोड सायकलीला पुढे बहुधा ५० आणि ३४ दात्यांची दोन चक्रे असतात, आणि मागच्या कॅसेटवर ११ दात्यांपासून २८, ३२ किंवा ३४ दात्यांपर्यंतची चक्रे एकापुढे एक रचलेली असतात. पुढे ५० आणि मागे ११ घेतल्यास एका फेऱ्यात सायकल सुमारे साडेनऊ मीटर पुढे जाते; मिनिटाला ऐंशी फेरे मारल्यास ताशी पंचेचाळीस किलोमीटरचा वेग येतो, जो मेडशीहून पातुराकडे उतरताना आपसूक येतो आणि सपाटीवर तुमच्या-आमच्यासारख्यांना कधीच टिकवता येत नाही. उलट पुढे ३४ आणि मागेही ३४ घेतल्यास एका फेऱ्यात एकच चाकफेरा, म्हणजे सुमारे दोन मीटर दहा सेंटिमीटर. मिनिटाला साठ फेरे मारीत ताशी साडेसात किलोमीटरने, गुडघे शाबूत ठेवून, खाली न उतरता घाट चढता येतो. मागचे मोठे चक्र २८ चे असेल, तर त्याच फेऱ्याला अडीच मीटर ओढावे लागतात. दोनशे किलोमीटरांच्या ब्रेव्हेत दीडशेवा किलोमीटर जर चढावर आला, तर या चाळीस-पंचेचाळीस सेंटिमीटरांची किंमत स्वाराच्या मांड्यांना पुरेपूर कळते. म्हणून घाटमाथ्यावर राहणाऱ्या नवशिक्याने सायकल घेताना मागच्या चक्राचे दाते मोजून घ्यावेत, आणि २८ असतील तर पहिली सुधारणा म्हणून ३२ किंवा ३४ ची कॅसेट बसवून घ्यावी, हे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बहुधा साखळीही थोडी लांब घ्यावी लागते, आणि साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा मागचा डिरेलर तेवढे मोठे चक्र पेलणारा आहे की नाही हे आधी विचारून घ्यावे लागते.

एका तालुक्याच्या गावी, बसस्थानकाजवळच्या एका जुन्या दुकानात पाहिलेला प्रसंग येथे नमूद करण्याजोगा आहे. एका शिक्षकाच्या नव्या सायकलीचे मागचे टायर बाभळीच्या काट्याने बाजूने चिरले होते. दुकानाच्या आढ्याला टायरांचे वेटोळे टांगलेले होते, आणि शिक्षकाने आपल्या टायरवर २८ हा आकडा वाचून ‘२८ नंबरचं टायर द्या’ अशी मागणी केली. मिस्त्रीने टायर काढले, रिमवर चढवून पाहिले, आणि ते सैल लोंबू लागताच हाताने चाचपून म्हणाला, ‘सर, हे चढत नाई याच्यावर. तुमची रिमच लहान हाये.’ मिस्त्रीचे बरोबर होते. काळ्या सायकलीच्या २८ इंची रिमचा टायर बसण्याच्या जागेचा व्यास ६३५ मिलिमीटर असतो. रोड सायकलीच्या ज्या चाकाला ७०० सी म्हणतात, त्याचा तो ६२२ असतो. आणि व्यवहारात दोघांनाही अठ्ठावीसच म्हटले जाते. त्यातच टायरच्या जाडीचा आकडा २८ मिलिमीटर असला, तर गोंधळास पारावार राहत नाही. खरेदी करणाऱ्याने टायरच्या कडेला बारीक अक्षरांत उठवलेला ‘२८-६२२’ असा जोडआकडा टिपून ठेवावा. त्यातला पहिला आकडा जाडीचा आणि दुसरा बैठकीचा. दुसरा जुळला नाही, तर पहिल्याला काही अर्थ नाही. त्या दिवशी मिस्त्रीने चिरलेल्या जागी आतून जुन्या टायरचा तुकडा बसवून, कमी हवा भरून शिक्षकाला घरापर्यंत पोहोचविण्याची तजवीज केली, आणि नवे टायर बाहेरगावाहून मागवावे लागले.

टायर हा विषय वाशिमच्या मुलखात तर कळीचाच आहे. येथे दोन वैरी आहेत. पहिला बाभळीचा काटा आणि त्याचा धाकटा भाऊ सराटा, ज्याला गोखरू म्हणतात. पावसाळा सरला की रस्त्याच्या कडेची ही वेल वाळते आणि तिची त्रिकोणी, टोकदार फळे डांबरावर विखुरतात. दुसरी वैरीण म्हणजे काळी माती. सोयाबीनची काढणी सुरू झाली की शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेली माती रस्त्यावर पसरवीत जातात. अवकाळी पावसाची एक सर आली की ती चिकण होऊन टायर आणि चिमटा यांच्यामधल्या फटीत अशी गच्च बसते की चाक फिरेनासे होते. शर्यतीच्या सायकलींना पूर्वी २३ मिलिमीटरचे टायर असत आणि त्यांत शंभराहून अधिक पौंडांची हवा ठासून भरली जाई, कारण जितके बारीक आणि कडक तितके वेगवान, असा समज होता. तो समज आता मागे पडला आहे. खडबडीत डांबरावर अतिकडक टायर प्रत्येक खड्याबरोबर स्वाराला आणि सायकलीला वर उडवतो, आणि ती उडी स्वाराच्या कष्टातूनच वसूल होते. म्हणून व्यावसायिक शर्यतींतही आज २८ आणि त्याहून रुंद टायर सर्रास दिसतात. आपल्याकडे फ्रेममध्ये जागा असेल तर ३२ मिलिमीटरचे, आतून काटारोधक पट्टा असलेले टायर घ्यावेत आणि मध्यम वजनाच्या स्वाराने त्यांत साठ ते सत्तर पौंड हवा ठेवावी, यापेक्षा अधिक फायद्याची सुधारणा मला ठाऊक नाही. ज्या फ्रेममध्ये २५ च्या वर टायर बसतच नाही, ती सायकल कितीही देखणी असली तरी वाशिमच्या ग्राहकाने घेऊ नये.

ट्यूबविरहित टायरांचा सध्या बोलबाला आहे. त्यांत एक पातळ द्राव घालतात, जो काट्याचे भोक आतल्या आत बुजवतो. सराट्यांच्या मुलखात ही युक्ती खरोखरच गुणाची आहे, परंतु उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला की हा द्राव आतून वाळून जातो आणि काही महिन्यांनी पुन्हा भरावा लागतो. ही देखभाल ज्याला जमेल त्यानेच त्या वाटेला जावे. साधी ट्यूब वापरणाराने मात्र एक बारीकशी वस्तू अवश्य जवळ बाळगावी. रोड सायकलीच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, लांबट, टोकाशी छोटी फिरकी असलेला असतो. ती फिरकी सैल केल्याखेरीज हवा आत जात नाही, आणि गावातल्या पंपाचे तोंड त्याला बसत नाही. काही रुपयांचा एक पितळी अडॅप्टर त्यावर फिरवला की रिसोडपासून मानोऱ्यापर्यंतचा कोणताही पंपवाला त्यात हवा भरू शकतो.

वजनाविषयी सायकलस्वारांच्या मनात जेवढी आसक्ती असते तेवढी दुसऱ्या कशाविषयी नसते. कार्बनची फ्रेम, कार्बनची चाके, टायटॅनियमचे स्क्रू असा प्रवास करीत माणसे एक-एक किलो कमी करण्यासाठी हजारो रुपये मोजतात. या आसक्तीचा हिशेब एकदा मांडून पाहणे आवश्यक आहे. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर चढावर एक किलो कमी झाल्याने श्रमात शेकडा सव्वा टक्क्याहूनही कमी बचत होते. अर्ध्या तासाच्या चढावर वीस सेकंदांची. एक लिटर पाण्याची बाटली रिकामी झाली की तेवढीच बचत आपोआप होते. सपाटीवर तर वजनाचा संबंध फारच थोडा उरतो. तेथे खरा विरोध वाऱ्याचा. ताशी पंधरा किलोमीटरच्या आसपास वाऱ्याचा विरोध आणि टायर लोळण्याचा विरोध साधारण समसमान असतात. वेग पंचवीसवर नेला की वाऱ्याचा वाटा जवळजवळ तीन-चतुर्थांशावर जातो. हा वारा कापण्याचा मुख्य उपाय स्वाराचे शरीर किंचित वाकलेले असणे हा आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. हँडलच्या खालच्या वळणावर हात नेले की झाले. मात्र तसे बसता येण्यासाठी सायकल अंगाला बेतलेली असावी लागते.

आणि येथे मी या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यापाशी आलो आहे. सायकलीचे माप चुकले, तर पुढे कितीही किमती भाग लावले तरी ती चूक भरून निघत नाही. पेटीत बंद होऊन आलेली सायकल, केवळ सवलत मोठी म्हणून, दीड-दोन इंच मोठ्या मापाची घेतल्याची उदाहरणे जिल्ह्यात विरळा नाहीत. अशा सायकलीवर दोन तासांनी हातांना मुंग्या येतात, मान धरते, आणि दोष मात्र स्वाराच्या वयाला दिला जातो. नागपूर किंवा पुणे गाठून प्रत्यक्ष बसून सायकल घेणे हा खर्च व्यर्थ जात नाही. घरी करता येण्याजोगी चाचणी सोपी आहे: भिंतीला टेकून सीटवर बसावे, टाच पायडलवर ठेवावी आणि पायडल अगदी खाली न्यावे; त्या वेळी गुडघा सरळ झाला, तर सीटची उंची जवळपास बरोबर. चालवताना पायाचा चवडा पायडलवर येतो आणि गुडघ्याला हवा तेवढा बाक आपोआप मिळतो. त्यापुढची सुधारणा म्हणजे अंगाला स्पर्श करणाऱ्या वस्तू: आपल्या बैठकीच्या हाडांच्या रुंदीला साजेशी सीट, हँडलवरची जाड पट्टी, गादीची सायकलिंगची चड्डी, हातमोजे. या वस्तू कोणाच्या नजरेत भरत नाहीत, त्यांची छायाचित्रे कोणी काढत नाही. पण तीनशे किलोमीटरांच्या रात्री स्वार टिकतो तो यांच्याच आधाराने. सीट मऊ असावी हा समज मात्र घातक आहे. अतिमऊ सीटवर हाडे रुततात आणि भार नको त्या ठिकाणी येतो.

मग साखळी. मी पाहिलेल्या उत्तम सायकलस्वारांच्या पिशवीत शाळेतली एक फुटी पोलादी पट्टी असते. साखळीच्या एका पिनेपासून पुढच्या पिनेपर्यंतचे अंतर अर्धा इंच, हे माप काळ्या सायकलीपासून बारा गिअरांच्या आधुनिक सायकलीपर्यंत बदललेले नाही. त्यामुळे नव्या साखळीच्या चोवीस जोडांची लांबी बरोबर बारा इंच भरते. पट्टीचे शून्य एका पिनेच्या मध्यावर धरावे आणि बाराव्या इंचावर पाहावे. पिन एक-सोळांश इंचाने पुढे गेलेली दिसली, तर साखळी बदलण्याची वेळ झाली. एक-अष्टमांशाने पुढे गेली, तर साखळीने मागची चक्रेही खाल्ली आहेत आणि आता तीही बदलावी लागणार. साखळी वेळेवर बदलली तर कॅसेट दोन-तीन साखळ्या सहज टिकते. आठ किंवा नऊ गिअरची चांगली साखळी साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. कॅसेटला आणि पुढच्या चक्राला त्याच्या काही पट पडतात. येथील धुळीत तर हा हिशेब अधिकच कडक होतो. साखळीवर इंजिनाचे जुने तेल ओतण्याची गावठी रीत सर्वस्वी सोडून द्यावी. ते तेल धूळ धरून ठेवते, आणि तेल व धूळ मिळून कानशीसारखी साखळी झिजवतात. घासलेटने धुऊन, फडक्याने कोरडी पुसून, प्रत्येक जोडावर एक-एक थेंब साखळीचे तेल सोडावे आणि वरचे पुन्हा पुसून टाकावे. तेल आत हवे असते, वर नको.

एक भाग बदलला म्हणजे किती भाग बदलावे लागतात, हे आधी न कळल्याने पुष्कळांचे पैसे वाया जातात. जपानमधील साकाई येथे १९२१ मध्ये स्थापन झालेल्या शिमानो कंपनीच्या गिअरसंचांची शिडी आपल्याकडे सर्वांच्या तोंडी असते: क्लॅरिसला मागे आठ चक्रे, सोराला नऊ, टियाग्राला दहा, १०५ ला पूर्वी अकरा आणि आता बारा, त्याच्या वर अल्टेग्रा आणि ड्युरा-एस. क्लॅरिसच्या सायकलीवर १०५ चा मागचा डिरेलर लावला की सायकल १०५ ची झाली, असा समज करून घेतलेले लोक भेटतात. वस्तुतः हँडलवरचा खटका प्रत्येक टिचकीस जेवढी तार ओढतो, तेवढ्या ओढीस डिरेलर नेमके एक चक्र सरकला पाहिजे. हे प्रमाण पिढीगणिक बदलत गेले आहे, आणि ते जुळले नाही तर गिअर घसरत राहतो. आठची दहा करावयाची म्हटले की खटके, डिरेलर, कॅसेट आणि साखळी अशी चौकडी बदलावी लागते. अकरा करावयाचे तर जुन्या मागच्या चाकाचा हबही पुष्कळदा अपुरा पडतो, कारण रस्त्याच्या सायकलीच्या अकरा चक्रांना तेथे सुमारे दोन मिलिमीटर अधिक जागा लागते. या सर्वांचा जमाखर्च मांडला, तर जुनी सायकल विकून वरच्या दर्जाची सायकल घेणे अनेकदा किफायतीचे पडते. क्लॅरिस आणि सोरा हे संच तीस-पस्तीस हजारांपासूनच्या सायकलींत येतात, ते मुकाट्याने काम करतात, आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. दोनशे-तीनशे किलोमीटरांच्या ब्रेव्हे त्यांवर निर्विघ्न होतात. जो पैसा वरच्या संचात जातो, त्यातला मोठा हिस्सा हलकेपणाचा आणि गिअर बदलण्याच्या सफाईचा असतो, चालण्याचा नव्हे.

ब्रेकांविषयी थोडक्यात. तारेवर चालणारे डिस्क ब्रेक पावसाळी घाटात भरवशाचे आणि तार तुटली तरी कोठेही दुरुस्त होणारे असतात. तेलावर चालणारे अधिक मृदू आणि जोरकस असतात, परंतु त्यांत कोणते तेल आहे हे मालकाला पाठ असले पाहिजे: शिमानोच्या ब्रेकांत खनिज तेल असते, दुसऱ्या काही बनावटींत मोटारीच्या ब्रेकसारखा द्रव असतो, आणि एकाच्या जागी दुसरा घातल्यास आतली रबरी सीले फुगून ब्रेक निकामी होतात. मोटारसायकलच्या दुकानात नेऊन ‘ब्रेकऑइल भरून द्या’ म्हणणे येथे धोक्याचे आहे.

आता पैशाचा विचार. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरील आणि त्यांच्या सुट्या भागांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पन्नास हजार मूळ किमतीच्या सायकलीमागे साडेतीन हजारांचा हा दिलासा आहे, आणि तेवढ्यात चांगली टायरजोडी येते. जुनी सायकल घेणाराने अल्युमिनियमची फ्रेम घ्यावी, सांध्यांपाशी रंगाखाली केसाएवढी चीर आहे काय ते उजेडात तपासावे, पायडलच्या अक्षाखाली कोरलेला फ्रेमचा क्रमांक मूळ पावतीशी ताडून पाहावा. पडलेल्या कार्बन फ्रेमची इजा बाहेरून दिसत नाही, म्हणून अनोळखी माणसाकडून ती घेऊ नये.

आणि हा सर्व विचार करीत असता एक दुसरी सायकल डोळ्यांपुढून हलत नाही. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून शाळेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी अनुदान मिळते. ते पूर्वी ३,५०० रुपये होते, २०२२ मध्ये ५,००० झाले. त्या मुलीच्या सायकलीच्या साखळीचे माप आणि लाखाच्या सायकलीच्या साखळीचे माप एकच, अर्ध्या इंचाचे. डाव्या पायडलचे आटे दोन्हींत उलटे. दोन्ही चाकांचा ‘आउट’ काढण्याची विद्या एकच: ज्या बाजूला रिम झुकली, तिच्या विरुद्ध बाजूची तार पाव फेरा आवळावी. म्हणजे गावातल्या मिस्त्रीला नवी सायकल परकी नाही. त्याच्याजवळ नाहीत ती फक्त काही हत्यारे आणि काही आकडे. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो आणि पुण्या-मुंबईचे पार्सल आता लवकर येते हे खरे. तरी त्या महामार्गावर सायकलीला मज्जाव आहे, आणि बिघडलेली सायकल दुरुस्तीसाठी मोठ्या शहरी पाठवायची म्हणजे दोन दिवस आणि हजार-दोन हजार रुपये गेले. जिल्ह्यातल्या सायकलस्वारांनी आपल्या पुढच्या सुधारणेच्या रकमेतला लहानसा हिस्सा एकत्र करून वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरुळपीर, मालेगाव आणि मानोरा या सहाही तालुक्यांच्या ठिकाणी एकेका जुन्या मिस्त्रीच्या हाती हत्यारांचा एक संच द्यावा, आणि एखाद्या रविवारी आपल्याच सायकली त्याच्यापुढे खोलून ठेवाव्यात, अशी माझी सूचना आहे. कारण मालकाच्या खिशातल्या पैशापेक्षा मिस्त्रीच्या हातातले कसब अधिक सायकलींना पुरते.

त्या बसस्थानकाजवळच्या दुकानातही हेच बोलणे निघाले होते. मागचे चाक हातात फिरवीत मिस्त्री म्हणाला, ‘सर, हे मागचं खोलाचा पाना तेवढा आणून द्या मले. बाकीचं मी पाह्यतो.’ तो पाना म्हणजे कॅसेटच्या तोंडाशी असलेल्या कड्याच्या बारा खाचांत बसणारे एक छोटे पोलादी नळकांडे; काही शे रुपयांत मिळते, शिमानो आणि स्रॅम या दोन्ही कंपन्यांच्या आठपासून बारा चक्रांपर्यंतच्या कॅसेटींना चालते, आणि डिस्क ब्रेकच्या बऱ्याचशा सेंटरलॉक तबकड्याही त्यानेच सुटतात. सोबत चक्र धरून ठेवायला साखळीचा तुकडा लावलेली लोखंडी पट्टी लागते. ती त्याने जुन्या साखळीची, आपल्या ऐरणीवर, स्वतःच करून घेतली.